असायलमची केस चालू असताना एफ-१ स्टुडंट स्टेटस मिळते का?

प्रश्न रावेर तालुक्यातून, थोरल्या भावाने विचारला आहे. धाकटा ११ सप्टेंबर २०२३ला बी-२, म्हणजे पर्यटक, व्हिजावर न्यू जर्सीला गेला. विमानतळावर सहा महिन्यांचा मुक्काम मिळाला, म्हणजे आय-९४ची, म्हणजे मुक्कामाच्या सरकारी नोंदीची, मुदत १० मार्च २०२४पर्यंत. मुदत उलटल्यावर तिथल्या एका एजंटने असायलमचा (आश्रयाचा) अर्ज, म्हणजे फॉर्म आय-५८९, भरून दिला. पावतीवर तारीख २५ जुलै २०२४. पुढे वर्क परमिट आले, इंटरव्ह्यूचा पत्ता नाही. आता एका विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळतो आहे आणि तोच एजंट सांगतो आहे, ‘आधी असायलम मागे घ्या, मग केस एफ-१मध्ये कन्व्हर्ट करून देतो.’ हे होते का, आणि मागे घ्यायचे का?

अमेरिकेत राहून, या तारखांवर, होत नाही. आणि मागे घेण्याच्या पत्रावर भावाला आज सही करू देऊ नका.

असायलमची केस प्रलंबित असणे म्हणजे स्टेटस असणे नव्हे, सगळी गाडी इथे अडते. केस चालू आहे तोवर सरकार त्याला राहू देते, ठरावीक दिवसांनी वर्क परमिट देते, पण बी-२, एफ-१, एच-१बी यांसारखे ‘नॉनइमिग्रंट स्टेटस’, म्हणजे तात्पुरत्या मुक्कामाचा कायदेशीर दर्जा, त्यातून मिळत नाही. स्टेटस बदलण्याचा अर्ज म्हणजे फॉर्म आय-५३९. त्याची पहिली अट अशी की अर्ज दाखल होतो त्या दिवशी अर्जदाराकडे जिवंत नॉनइमिग्रंट स्टेटस हवे. तुमच्या भावाचे बी-२ १० मार्च २०२४लाच संपले. बदलायला हातात काहीच उरलेले नाही. ‘कन्व्हर्ट’ हा एजंटांचा शब्द आहे. कायद्यात असायलमवरून एफ-१वर उडी मारण्याची कोणतीही सोय नाही.

नियमात एक फट आहे. मुदतीनंतर अर्ज केला तरी, उशिराचे कारण असाधारण आणि अर्जदाराच्या हाताबाहेरचे असेल, उशीर त्या कारणाच्या प्रमाणात असेल, दुसरा कोणताही नियमभंग नसेल आणि केस इमिग्रेशन कोर्टात गेलेली नसेल, तर यूएससीआयएस, म्हणजे अमेरिकेचे इमिग्रेशन खाते, उशीर माफ करू शकते. इस्पितळात बेशुद्ध पडलेल्या माणसासाठी ती फट आहे. ‘एजंटने चुकीचे सांगितले’ या कारणावर दीड-दोन वर्षांचा उशीर माफ होईल, अशी आशा धरून पैसे घालवू नका. शिवाय फेब्रुवारी २०२५पासून यूएससीआयएसचे धोरण असे आहे की अर्ज नाकारला आणि माणूस स्टेटसविना असेल, तर त्याला कोर्टात हजर राहण्याची नोटीस, म्हणजे एनटीए, काढायची. आय-५३९ नुसताच फेटाळला गेला आणि विषय संपला, असे आता होत नाही.

ज्यांचे आय-९४ अजून चालू आहे त्यांचे गणित वेगळे. असायलम टाकलेले असले तरी, मुदत संपण्याआधी विद्यापीठाकडून आय-२० हा प्रवेशाचा फॉर्म मिळवून, सेविसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदणीची, फी (३५० डॉलर) भरून आय-५३९ दाखल करता येतो. ऑनलाइन भरला तर ४२० डॉलर, कागदावर भरला तर ४७०. पैसे जास्त भरून कामकाजाच्या ३० दिवसांत निकाल देणारे प्रीमियम प्रोसेसिंगही या अर्जाला आहे. बी-२वरचा माणूस मंजुरी येण्याआधी वर्गात बसू शकत नाही. बसला तर तेच कारण दाखवून अर्ज नाकारतात. कोर्स सुरू व्हायची तारीख जवळ आली आणि निकाल आला नाही, तर विद्यापीठाच्या डीएसओला, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांचे काम बघणाऱ्या अधिकाऱ्याला, सांगून आय-२०वरची तारीख पुढच्या सत्राला ढकलून घ्यायची. एवढे सगळे नीट केले तरी मंजुरी अधिकाऱ्याच्या विवेकावर असते, आणि त्याच्यासमोर त्याच माणसाची असायलमची फाइल उघडी असते. त्याबद्दल पुढे सविस्तर येईल.

आधीपासून एफ-१वर असलेल्या विद्यार्थ्याने असायलम टाकले, तर केवळ अर्ज केल्याने त्याचे एफ-१ जात नाही. पूर्ण वेळ कोर्स, वेळेवर नोंदणी, आय-२०ची मुदत, हे सगळे सांभाळत राहावे. असायलमच्या वर्क परमिटवर बाहेर नोकरी धरली तर एफ-१ टिकते का, यावर वकिलांत एकमत नाही. जपून सल्ला देणारे ‘नको’ म्हणतात आणि मलाही तेच बरोबर वाटते. एफ-१ तुटून पाच महिन्यांच्या आत असाल तर रीइन्स्टेटमेंटचा, म्हणजे स्टेटस परत मिळवण्याचा, अर्ज करता येतो, पण मध्ये बेकायदा नोकरी झालेली नसावी.

आता तुमच्या भावाकडे वळतो. एजंटने जो प्रश्न विचारलाच नाही तो असा: शिकायला एफ-१ लागतेच का?

असायलम प्रलंबित असलेल्या माणसाला विद्यापीठात शिकायला केंद्रीय इमिग्रेशन कायद्यात बंदी नाही. आय-२० लागत नाही, सेविसमध्ये नाव लागत नाही, दर सत्राला पूर्ण क्रेडिट घेण्याची सक्तीही नाही. अडचण येते ती विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसात. भारतीय पासपोर्ट बघितला की ते सरळ आय-२०चा फॉर्म पुढे सरकवतात. भावाने प्रवेश विभागाला लेखी कळवावे की मला आय-२० नको, माझा असायलम अर्ज प्रलंबित आहे. सोबत आय-५८९ची पावती आणि सी-८ प्रकारच्या, म्हणजे असायलम प्रलंबित असलेल्यांच्या, वर्क परमिटची दोन्ही बाजूंची प्रत जोडावी. बहुतेक ठिकाणी पुढचे काम त्यावर चालते. नाही चालले तर दुसरे विद्यापीठ बघावे, एजंट नव्हे.

याच्या उणिवाही पुरत्या समजून घ्या. ओपीटी आणि सीपीटी, म्हणजे एफ-१ विद्यार्थ्यांना मिळणाऱ्या कामाच्या परवानग्या, मिळत नाहीत. कोर्सनंतर नोकरी करायची ती सी-८ वर्क परमिटवरच. केंद्र सरकारचे शैक्षणिक कर्ज नाही. फी किती लागेल हे राज्यावर आणि विद्यापीठावर आहे, बहुधा बाहेरच्या विद्यार्थ्याच्या दराने. भारतात येता येत नाही, लग्न असो की आजारपण. परवानगी, म्हणजे ॲडव्हान्स पॅरोल, न घेता देश सोडला की केस सोडून दिली असे धरतात. आणि पॅरोल घेऊनही ज्या देशाची भीती सांगितली त्याच देशात आलात, तरी सबळ कारण दाखवता आले नाही तर निष्कर्ष तोच. वर्क परमिटचे नियमही आवळले गेले आहेत. ३० ऑक्टोबर २०२५पासून दाखल होणाऱ्या नूतनीकरणाला आपोआप मिळणारी ५४० दिवसांची मुदतवाढ बंद झाली आणि ५ डिसेंबर २०२५पासून असायलमवाल्यांचे नवे कार्ड जास्तीत जास्त १८ महिन्यांचे निघते. म्हणून मुदत संपायच्या सहा महिने आधी, म्हणजे खिडकी उघडल्या दिवशीच, नूतनीकरण टाकायचे. कार्ड संपले आणि नवे आले नाही, तर त्या दिवसापासून काम बंद. शिक्षण मात्र चालू ठेवता येते. २०२५च्या कायद्याने असायलमच्या अर्जावर शुल्क लावले, आणि केस वर्षाहून जास्त चालली तर दरवर्षी शुल्क. सुरुवातीला दोन्ही १०० डॉलर होते. वार्षिक शुल्कावर कोर्टबाजी झाली आहे, त्यामुळे यूएससीआयएसच्या ऑनलाइन खात्यात मागणी आली आहे का हे दर महिन्याला बघावे.

या वाटेचा खरा धोका एकच: कोर्स अर्धा झाला आणि केस फेटाळून कोर्टात गेली तर पायाखालची जमीन हलते. केसमध्ये दम असेल तर हा धोका पत्करण्यासारखा आहे. केस पोकळ असेल तर दोन वर्षांची फी त्यावर लावू नये.

दम आहे की नाही हे कळायला आय-५८९ वाचावा लागतो. ऐकायला विचित्र वाटेल, पण एजंटकडून भरलेल्या अर्जात काय लिहिले आहे हे बऱ्याच अर्जदारांना माहीत नसते. पाठांतर झालेली तीच गोष्ट दहा जणांच्या अर्जात फिरते. गाव तेवढे बदललेले. तयार करणाऱ्याचे नाव टाकायची जागा कोरी आणि सही मात्र तुमच्या भावाची, शपथेवर. एजंट प्रत देत नसेल तर यूएससीआयएसच्या फर्स्ट पोर्टलवर खाते उघडून माहिती अधिकाराखाली, म्हणजे एफओआयएखाली, पूर्ण फाइल मागवावी. ए-नंबर (इमिग्रेशन खात्याने दिलेला फाइल क्रमांक), जन्मतारीख आणि अर्जदाराची संमती लागते. फी बहुधा पडत नाही. फाइल हाती येईपर्यंत कोणताही नवा फॉर्म भरू नये. अर्जातली हकिकत जाणूनबुजून खोटी असेल आणि कोर्टाने अर्ज ‘फ्रिव्हलस’ ठरवला, तर अमेरिकेचा कोणताही इमिग्रेशन लाभ कायमचा बंद होतो. अशा फाइलवर सल्ला परवानाधारक इमिग्रेशन वकिलाचाच घ्यावा. त्या त्या राज्याच्या बारच्या, म्हणजे वकील संघटनेच्या, वेबसाइटवर नाव टाकून वकील खरा आहे का ते दोन मिनिटांत कळते. ‘नोटरी’, ‘कन्सल्टंट’, ‘इमिग्रेशन एक्स्पर्ट’ या पाट्यांना तिथे किंमत नाही.

दुसरी वाट म्हणजे देश सोडून भारतात यायचे आणि मुंबईतून एफ-१ व्हिजा मागायचा. इथे आधी दिवस मोजावे लागतात.

मुदत उलटून अमेरिकेत राहिलेला काळ ‘अनलॉफुल प्रेझेन्स’ म्हणून धरतात. एकाच मुक्कामात हे दिवस १८०च्या वर गेले आणि माणूस बाहेर पडला, तर तीन वर्षे प्रवेश बंद. एक वर्ष किंवा जास्त झाले तर दहा वर्षे. खरा असायलम अर्ज प्रलंबित असतो तो काळ यात मोजत नाहीत. तुमच्या भावाचा हिशेब असा: ११ मार्च ते ३१ मार्च २०२४ हे २१ दिवस, एप्रिलचे ३०, मेचे ३१, जूनचे ३० आणि जुलैचे २४, एकूण १३६. २५ जुलैला पावती झाली आणि घड्याळ थांबले. म्हणजे १८०पर्यंत ४४ दिवस शिल्लक आहेत.

आता एजंटचा सल्ला या आकड्यावर ठेवून बघा. आधी असायलम मागे घ्यायचे, मग एफ-१चा अर्ज टाकून वाट पाहायची. मागे घेतल्या दिवसापासून घड्याळ पुन्हा सुरू. ४४ दिवस आय-२०, फी, फॉर्म यातच जातात. अर्ज फेटाळल्याचे पत्र येईपर्यंत तीन वर्षांची बंदी डोक्यावर बसलेली असते. वर्क परमिटचा आधार केसबरोबरच जातो, तो वेगळा. उलट केस प्रलंबित असतानाच तो विमानात बसला तर हिशेब १३६वरच थांबतो आणि बंदी लागत नाही.

पण या १३६ला दोन जागी तडा जाऊ शकतो. पहिली जागा म्हणजे परमिट येण्याआधीचे काम. असायलमचे वर्क परमिट अर्जानंतर १५० दिवसांनी मागता येते आणि १८० दिवस भरल्याशिवाय मिळत नाही. म्हणजे २५ जुलै २०२४चा अर्ज धरला तर जानेवारी २०२५पर्यंत परमिट हातात नव्हते. त्या काळात गॅस स्टेशनवर, मोटेलमध्ये किंवा ओळखीच्या दुकानात रोखीने काम केले असेल, तर केस प्रलंबित असल्याचे संरक्षण कायद्याच्या त्याच कलमाने काढून घेतले आहे. मग ११ मार्च २०२४पासूनचा सगळा काळ मोजला जातो आणि प्रकरण दहा वर्षांच्या बंदीत जाते. भावाला हा प्रश्न फोनवर सगळ्यांसमोर विचारू नका, एकट्याला विचारा. घरातले मोठे ऐकत असले की ‘नाही, नाही’ हेच उत्तर येते. दुसरी जागा म्हणजे अर्जाचा खरेपणा. संरक्षण खऱ्या, काहीतरी आधार असलेल्या अर्जालाच आहे. बनावट कथेला नाही.

बंदी लागतच असेल तर नॉनइमिग्रंट व्हिजासाठी २१२(डी)(३) नावाची माफी मागता येते. व्हिजा अधिकारी शिफारस करतो, निर्णय अमेरिकेतले कार्यालय घेते, महिने लागतात. शिफारस करण्याआधी अधिकाऱ्याला बाकी सगळे पटलेले असावे लागते, म्हणून तिच्यावर पूर्ण बेत आखू नये.

आणि मुंबईतली अडचण नेमकी ‘पटण्या’तच आहे. वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत एफ-१ मागणाऱ्याने दाखवायचे असते की माझे घर भारतात आहे आणि शिकून मी परत येणार. आय-५८९मध्ये त्याच माणसाने, त्याच सहीने, ‘मायदेशी परतल्यास तुम्हाला इजा होण्याची भीती वाटते का’ या प्रश्नासमोर ‘होय’वर खूण केलेली आहे. दोन सरकारी कागद, दोन उलटी विधाने. हा माणूस परतेल यावर अधिकाऱ्याने विश्वास का ठेवावा, याचे उत्तर नसेल तर कलम २१४(बी)खाली नकार मिळतो, आणि त्यावर अपील नाही.

लपवून काही साधत नाही. असायलमची माहिती भारत सरकारला किंवा बाहेरच्या कुणाला देऊ नये असा अमेरिकेचा गोपनीयतेचा नियम आहे, त्यामुळे गावात पोलीस चौकशीला येतील ही घरच्यांची भीती सोडा. पण अमेरिकन सरकारच्या खात्यांत ती माहिती फिरते, आणि व्हिजा अधिकारी त्याच सरकारचा. डीएस-१६० या व्हिजाच्या अर्जात एक प्रश्न आहे: दिलेल्या मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, किंवा व्हिजाच्या अटी मोडल्यात का? तुमच्या भावाचे उत्तर ‘होय’. खाली खुलाशाच्या चौकटीत चार ओळी: आय-९४ कधी संपले, असायलम कधी दाखल केले, कधी सोडले, देश कधी सोडला. ‘नाही’ लिहिले आणि ते पकडले गेले, तर चुकीची माहिती दिल्याबद्दल कायमची बंदी लागू शकते. १३६ दिवसांना बंदी नव्हती. एका खोट्या खुणेने ती ओढवून घेतलीत असे होईल.

इंटरव्ह्यू दोन-तीन मिनिटांत उरकतो. ‘असायलम का टाकले?’ हा प्रश्न येणार असे धरून चालायचे. उत्तर खरे हवे आणि फाइलशी जुळणारे हवे. परिस्थिती खरोखर बदलली असेल तर काय बदलले ते एका वाक्यात. चुकीच्या सल्ल्याने अर्ज झाला असेल तर तसे सांगता येते, पण मग पुढचा प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे त्यात लिहिले होते ते खोटे होते?’ याचे उत्तर वकिलाशी बोलून ठरल्याशिवाय मुंबईची गाडी पकडू नये. खरे सांगायचे तर, स्वच्छ फाइलवाल्यांनाही नकार मिळतो, तिथे असायलमचा इतिहास असलेल्याची बाजू पहिल्याच प्रयत्नात लंगडी असते. भारतात परत येऊन वर्ष-दोन वर्षे नोकरी किंवा धंदा केला, तो पगारपत्रकांवर आणि रिटर्नवर दिसला, मग अर्ज केला, तर ‘परत येतो’ म्हणण्याला काही वजन येते. पुढच्या सत्राच्या घाईत केलेल्या अर्जाला ते येत नाही.

पैशाची बाजू खानदेशातल्या घरांची वेगळ्याच कारणाने पडते. पैसा असतो, पण कागदावर दिसत नाही. रावेर-यावलला केळीवर वर्षाला पंधरा-वीस लाख उलाढाल करणाऱ्या घराचे रिटर्न अडीच-तीन लाखांचे असते, कारण शेतीचे उत्पन्न करमुक्त. करमुक्त म्हणजे दाखवायचेच नाही असे नव्हे. रिटर्नमध्ये करमुक्त उत्पन्नाच्या तक्त्यात ते भरावे लागते, आणि शेतीचे उत्पन्न ५ हजारांच्या वर असेल तर साधा ‘सहज’ फॉर्म चालतच नाही. व्यापाऱ्याच्या पट्ट्या जपा, पैसे खात्यावर घ्या. दोन-तीन हंगामांच्या पट्ट्या आणि त्याच रकमा पासबुकात जुळल्या की सीएच्या नेटवर्थ सर्टिफिकेटला अर्थ येतो. नाहीतर तो नुसता शिक्का. इंटरव्ह्यूच्या आधी पंधरा दिवसांत मामा, आते, व्याही यांच्याकडून गोळा करून खात्यावर टाकलेले तीस लाख कुणालाही ओळखू येतात.

कर्जाचीही एक खानदेशी अडचण आहे. वीस एकर बागायत आहे, बँक नाही कशी म्हणेल, असे वाटते. पण सरफेसी कायदा, २००२ शेतजमिनीला लागू होत नाही, म्हणजे कर्ज बुडाले तर बँक त्या कायद्याने ती जमीन विकू शकत नाही. त्यामुळे शैक्षणिक कर्जाला बहुतेक बँका सातबारा तारण घेत नाहीत. एनए प्लॉट, गावठाणाबाहेरचे नोंदणीकृत घर, मुदत ठेव किंवा विमा पॉलिसी मागतात. प्लॉट आजोबांच्या नावावर आणि वारसनोंद झालेली नाही, हे तर घरोघरी. फेरफार व्हायला वेळ लागतो, म्हणून ते काम प्रवेशाच्या आधी हाती घ्या. आय-२०वर पहिल्या वर्षाचा खर्च छापलेला असतो. निदान तेवढी रक्कम कर्जमंजुरी आणि शिल्लक मिळून स्पष्ट दिसली पाहिजे. जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची गुणपत्रके असतील तर नाव तपासा: गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचे नाव गायब आणि आय-५८९वर एजंटने लिहिलेले तिसरेच स्पेलिंग, अशी तीन रूपे एका फाइलमध्ये नकोत.

पासपोर्टबद्दल वेगळे सांगतो, कारण लोक इथे नकळत फसतात. भारतीय पासपोर्टच्या अर्जात ‘परदेशात राजकीय आश्रय मागितला आहे का’ असा थेट प्रश्न असतो. तिथे खोटे लिहिणे हा भारतात गुन्हा. खरे लिहून नूतनीकरण मागितले, तर ज्या सरकारची भीती सांगितली त्याच्याच दारात गेलात असा मुद्दा असायलम अधिकारी काढू शकतो. म्हणून पासपोर्टची मुदत किती उरली आहे हे आजच बघा. फक्त परत यायचे असेल आणि पासपोर्ट संपला असेल, तर भारतीय वकिलातीतून एकेरी प्रवासाचे इमर्जन्सी सर्टिफिकेट मिळते.

केस कोर्टात गेली असेल तर वरचे बरेच बदलते. इमिग्रेशन कोर्टाच्या ऑनलाइन पोर्टलवर ए-नंबर टाकून बघायचे. नंबर तिथे सापडला, तर न सांगता विमानात बसणे ही सगळ्यात महागडी चूक. तारखेला गैरहजर म्हणून हद्दपारीचा आदेश निघतो, आणि गैरहजेरीची पाच वर्षे व आदेशाची दहा वर्षे अशा बंद्या मागे लागतात. तिथे न्यायाधीशाकडून ‘व्हॉलंटरी डिपार्चर’, म्हणजे स्वतःहून देश सोडण्याची परवानगी, मागायची. सुरुवातीलाच मागितले तर १२० दिवसांपर्यंत मुदत मिळते, पण बाकी सगळे दावे सोडावे लागतात. सुनावणी संपल्यावर मागितले तर जास्तीत जास्त ६० दिवस आणि किमान ५०० डॉलरचा बाँड. मुदतीत निघाला नाही तर दंड आणि दहा वर्षे अनेक सवलती बंद. मेक्सिकोच्या सीमेवरून, तपासणी न होता शिरलेल्याला तर स्टेटस बदलण्याचा प्रश्नच नाही. बदलायला मुळात स्टेटस कधी नव्हतेच.

हे सगळे वाचून असायलम ही नुसती एक गैरसोय आहे असे वाटू देऊ नका. भावाला खरोखर कुणापासून जिवाची भीती असेल, आंतरजातीय लग्न असो, धमक्या असोत, तर डिग्रीच्या सोयीसाठी केस सोडायची नाही. अशा केससाठी चांगला वकील आणि प्रलंबित काळातच शिक्षण, हीच जोडी बरोबर.

कॅनडातल्या नातेवाइकांना ही उत्तरे लावू नका. तिथे दावा चालू असताना स्टडी परमिटसाठी देशातूनच अर्ज करता येतो. मात्र दावा मागे घेतला की देश सोडण्याचा आधीच काढून ठेवलेला सशर्त आदेश लागू होतो. ३० दिवसांत देश सोडून विमानतळावर सीमा अधिकाऱ्यांकडून निघाल्याचा दाखला घेतला नाही, तर तो आदेश डिपोर्टेशनमध्ये बदलतो आणि पुढे परतायला वेगळी परवानगी लागते. ब्रिटनमध्ये व्हिजिटरला देशात राहून स्टुडंट रूटवर जाता येत नाही, आणि असायलमचा दावा म्हणजे राहण्याची परवानगीही नव्हे.

भावाने परत यायचे ठरवलेच, तर क्रम महत्त्वाचा. आधी एफओआयएची फाइल आणि वकिलाचे मत. मग कोर्टाच्या पोर्टलवर ए-नंबर, आणि तो पुन्हा निघायच्या आदल्या दिवशी. मग तिकीट. मागे घेण्याचे पत्र सगळ्यात शेवटी: नाव, ए-नंबर, पावती क्रमांक, ‘स्वेच्छेने मागे घेत आहे’ हे वाक्य, तारीख, सही, आणि ते न्यू जर्सीसाठी नेवार्क असायलम ऑफिसला ट्रॅकिंग असलेल्या टपालाने. देश सोडताच केस सोडल्याचे धरले जाते, त्यामुळे पत्र निघण्याच्या दिवशी किंवा नंतर गेले तरी बिघडत नाही. महिनाभर आधी गेले तर मात्र घड्याळही चालू होते आणि कोर्टाची नोटीसही निघू शकते.

निघाल्यावर आठ-दहा दिवसांनी आय-९४च्या सरकारी वेबसाइटवर पासपोर्ट क्रमांक टाकून प्रस्थानाची नोंद पडली का ते बघा. काही वेळा पडत नाही. बोर्डिंग पास, तिकिटाची ई-पावती आणि भारतात उतरल्याचा पासपोर्टवरचा शिक्का, तिन्हींच्या रंगीत प्रती त्याच दिवशी काढून ठेवा. बोर्डिंग पासची शाई वर्षभरात उडते.